'बरोबर आहे, पण आम्ही असं म्हणत नाही' – इंग्रजीतलं हे नेमकं कसं शिकायचं?

अर्धविराम:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं होतं, आज नीट बसून लिहितेय. माझं रोजचं काम इंग्रजीतून चालतं आणि टीममधल्या निम्म्या लोकांची मातृभाषाच इंग्रजी आहे. वाचताना अडत नाही, व्याकरण शाळेपासून बऱ्यापैकी पक्कं आहे असं मला वाटत होतं, पण मागच्या आठवड्यात एका मेलमुळे जे झालं त्याने मी खरंच अस्वस्थ झाले. एका सहकाऱ्याने आकडेमोड करून पाठवली होती, त्यातली एक ओळ मला कळली नाही म्हणून मी लिहिलं, 'आय ॲम हॅविंग अ डाउट इन युअर कॅल्क्युलेशन.' त्याचं उत्तर आलं एकदम कोरडं, की सगळे आकडे परत तपासलेत, कुठे चुकलंय ते दाखव. मला चूक दाखवायचीच नव्हती हो, मला फक्त समजून घ्यायचं होतं! फोनवर बोललो तेव्हा कळलं, त्याला वाटलं मी त्याच्या कामावर अविश्वास दाखवतेय.

मग मीच त्याला म्हटलं की माझे जुने मेल चाळ आणि जे खटकेल ते सांग. त्याने मनापासून वेळ काढून ही वाक्यं काढून दिली:

'आय ॲम वर्किंग ऑन धिस सिन्स थ्री वीक्स.'
'प्लीज एक्सप्लेन मी धिस पॉइंट.'
'कॅन यू टेल मी व्हेन इज द मीटिंग?'
'वुई डिस्कस्ड अबाउट द डिझाइन.'
'प्लीज सेंड मी द फाइल बाय टुमॉरो.'

शेवटच्या वाक्याबद्दल म्हणाला व्याकरण अगदी बरोबर आहे, फक्त मी असं लिहिलं नसतं. का, विचारलं तर म्हणे कानाला बरं वाटत नाही. बाकीच्यांचंही कारण त्याला सांगता येईना. आता मला कळत नाहीये की ज्यांची ही भाषा आहे त्यांनाच कारण माहीत नसेल तर आपण विचारायचं कुणाला? इथे कुणी तिकडे वाढलेलं असेल, भाषा शिकवणारं असेल तर प्लीज सांगा.

पानगळ:
अर्धविराम, मी दोन वर्षांची असल्यापासून इंग्लंडमध्ये, शाळा मैत्रिणी सगळं इंग्रजीतून, मराठी घरातली. म्हणून प्रयत्न करते, पण आधीच सांगते की यातली कारणं मला शाळेत कुणी शिकवली नव्हती, मोठेपणी मुद्दाम वाचली तेव्हा कळली.

डाउटचं उत्तर मराठीतच आहे. आपण 'शंका विचारतो' आणि आपण 'शंका घेतो', शब्द एकच पण क्रियापदाने अर्थ पार फिरतो. इंग्रजीतला डाउट हा कायम 'शंका घेणे'वाला. तुमच्या सहकाऱ्याने 'मी तुझ्या हिशोबावर शंका घेतेय' असं वाचलं, मग तो चिडणारच. तिथे हवं होतं 'आय हॅव अ क्वेश्चन अबाउट युअर कॅल्क्युलेशन', बास. 'हॅविंग' पण गेलं बघा, कारण जवळ असणं, मनात असणं या अर्थाचं हॅव सहसा आयएनजी घेत नाही. पण 'वुई आर हॅविंग अ मीटिंग' किंवा 'आय ॲम हॅविंग ट्रबल विथ धिस' चालतं कारण तिथे काहीतरी घडतंय, चालू आहे. नो, अंडरस्टँड, बिलीव्ह, ओन, बिलाँग या सगळ्यांचं असंच, 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' हे ऐकताना थोडं अडखळायला होतं.

'सिन्स थ्री वीक्स' हे मात्र नुसतं खटकत नाही, ते चूकच आहे. आपला 'पासून' दोन्ही कामं करतो, सोमवारपासून आणि तीन आठवड्यांपासून. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर. शिवाय मराठीत 'करतेय' हा नुसता वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला तिथे मागून आत्तापर्यंत ओढत आणणारा काळ लागतो. 'आय हॅव बीन वर्किंग ऑन धिस फॉर थ्री वीक्स.' 'आय नो हिम सिन्स स्कूल' हेही त्यामुळेच चुकतं, 'आय हॅव नोन हिम' पाहिजे.

मीटिंगच्या वाक्यात प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की त्याचा उलटा क्रम सरळ होतो, 'व्हेन द मीटिंग इज'. मराठीत 'मीटिंग कधी आहे' हे सुटं असो नाहीतर 'ते सांगाल का'च्या आत असो, क्रम बदलतच नाही, म्हणून आपल्या लक्षात येत नाही.

पाचव्याबद्दल रात्री लिहिते, तो वेगळाच विषय आहे.

नवखा_पाहुणा:
वा, शंका विचारणे आणि शंका घेणे! मी पंधरा वर्षं हे चुकीचं लिहितोय आणि कुणी सांगितलं नाही.

शब्दकळा:
एक्सप्लेन आणि डिस्कस मी घेते, भाषांतराच्या कामात रोज समोर येतात.

आपल्या मनात 'मला सांग, मला दाखव, मला समजाव' हे एकाच साच्यातले आहेत, म्हणून टेल मी, शो मी च्या रांगेत आपण एक्सप्लेन मी पण उभं करतो. पण इंग्रजीत हा साचा मुख्यतः जुन्या, छोट्या, घरगुती क्रियापदांचा आहे, गिव्ह, टेल, शो, सेंड. लॅटिनकडून आलेली जी जड क्रियापदं आहेत, एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, डोनेट, ती बहुतेक करून तो साचा घेत नाहीत, त्यांना 'टू मी' जोडावं लागतं. 'एक्सप्लेन धिस टू मी.' अपवाद आहेत बरं का, 'प्रॉमिस मी' बिनधास्त चालतं आणि प्रॉमिस पण लॅटिनकडचाच. म्हणून हा नियम नाही, कल आहे, पण निम्मं काम होतं त्याने.

डिस्कसमध्ये 'बद्दल' आधीच आत बसलेला आहे. 'टॉक अबाउट' म्हणा, नाहीतर नुसतं 'डिस्कस द डिझाइन' म्हणा. गंमत म्हणजे नाम केलं की अबाउट परत येतं, 'वुई हॅड अ डिस्कशन अबाउट द डिझाइन' एकदम बरोबर, आणि माझ्या मते आपली चूक तिथूनच येते, नामाचं शेपूट आपण क्रियापदाला लावतो.

आता कुणाला विचारायचं याबद्दल. माणसांच्या आधी शिकणाऱ्यांसाठीचा कोश उघडा, साधा नको. यात जमीन अस्मानाचा फरक आहे. साधा कोश अर्थ सांगतो, हा सांगतो की एक्सप्लेनच्या पुढे काय येतं. या प्रकारच्या कोशामागे ए. एस. हॉर्नबी होते, ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत आणि रोज वर्गात मुलं कुठे अडतात ते बघत, त्यातून हा कोश आधी १९४२ साली जपानमध्ये निघाला आणि मग १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. म्हणजे तो मुळातच बाहेरून इंग्रजीकडे येणाऱ्यांसाठी रचलेला आहे, आपल्यासाठीच, आणि तरी आपण तो वापरत नाही याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे कॉर्पस. खऱ्या मजकुराचा प्रचंड साठा, त्यात शब्द टाकला की कोण कुठे कसा वापरतो ते वाक्यासकट दिसतं. अमेरिकन इंग्रजीचा कोका म्हणून आहे त्यात १९९० ते २०१९ मधले एक अब्जाहून जास्त शब्द आहेत, ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये साधारण १० कोटी, त्यातले सुमारे १० टक्के बोलण्यातले उतरवलेले. तिथे 'डिस्कस' टाकून नुसती पन्नास वाक्यं वाचा, पुढे काय येतं ते डोळ्यांनी दिसेल. गुगलवर शोधून किती निकाल आले ते मोजू नका, तो आकडा भरवशाचा नसतो आणि त्यात आपल्यासारख्यांनी लिहिलेलंच भरपूर असतं.

अर्धविराम:
शब्दकळा, कोशाचं आजच करते. पानगळ, पाचव्याची वाट बघतेय, कारण मला तेच जास्त लागलंय. मी तर 'प्लीज' घातलं होतं!

नियमप्रेमी:
मला एक मनापासून विचारायचंय. हे मातृभाषिक लोक स्वतः काय कमी चुका करतात? 'मी अँड हिम वेन्ट', 'लेस पीपल', 'शुड हॅव'च्या जागी चक्क 'शुड ऑफ' लिहितात, हूम तर कुणाला माहीतच नाही. आपण रात्र रात्र जागून नियम पाठ केले, मार्क घालवले, आणि आता त्यांच्या कानाला बरं वाटतं का यावर आपली भाषा ठरवायची? नियम लिहिलेला आहे ना, मग नियमाला धरून चाला.

पानगळ:
नियमप्रेमी, तुमचा राग मला समजतो. पण इथे दोन निरनिराळ्या गोष्टींना एकच 'नियम' हा शब्द लागतोय.

एक नियम असा की जो तिथलं कुणीच मोडत नाही, शिकलेलं असो नसो. 'द' हा शब्द नामाच्या आधी येतो, 'बुक द' असं त्या भाषेत वाढलेलं कुणी म्हणत नाही. 'सिन्स थ्री वीक्स' यातच मोडतं. आणि दुसरा नियम असा की जो शाळेत सांगावा लागतो कारण लोक आपणहून तसं बोलत नाहीत. आपल्याकडे बघा ना, 'आणि'ची वेलांटी पहिली की दुसरी हे शिकवावं लागतं, पण 'घर पडला' असं कुणी म्हणत नाही, ते कुणी शिकवलेलं नसतानाही.

लेस आणि फ्यूअरचं तर मूळच माहीत आहे. रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने १७७० मध्ये लिहिलं की मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी मला लेसपेक्षा फ्यूअर बरं वाटतं. त्याने आपली आवड म्हणून लिहिलं होतं, पुढच्या लोकांनी त्याचा कायदा केला. वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन नको हेही तसंच, कवी ड्रायडनने १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या ओळींमध्ये ती खोट काढली आणि ती आजतागायत शाळेत फिरतेय, पण 'हू आर यू टॉकिंग टू' असंच सगळे म्हणतात. फ्रेंचांसारखी १६३५ पासून बसलेली अकादमी इंग्रजीला कधी नव्हतीच, त्यामुळे निकाल देणारं असं एक कुणी नाही.

आणि शुड ऑफ हे बोलण्यात चूक नाहीच, 'शुड हॅव' भरभर म्हटलं की तसंच ऐकू येतं. चूक लिहिण्यातली आहे. आपण ती करत नाही कारण आपण आधी वाचून शिकलो आणि मग ऐकलं, त्यांनी आधी ऐकलं.

नियमप्रेमी:
दोन प्रकारचे नियम हे पटलं. मी आजवर सगळे एकाच पोत्यात भरत होतो. पण परीक्षेत फ्यूअरच लिहायचं ना?

पानगळ:
हो, परीक्षेत आणि औपचारिक लिखाणात फ्यूअरच. तिथे ते अपेक्षित असतं.

कानामात्रा:
उशिरा आलो पण राहवत नाही म्हणून लिहितोय. मी मोठ्या माणसांना मराठी शिकवतो, म्हणजे अर्धविरामच्या सहकाऱ्याच्या खुर्चीत मी रोज बसतो. पहिल्याच वर्षी एका विद्यार्थिनीने विचारलं, सर 'मी पुस्तक वाचलं' मध्ये क्रियापद पुस्तकाप्रमाणे चालतं, 'मी पुस्तक आणलं' मध्ये पण, मग 'मी पुस्तक विसरलो' मध्ये ते तुमच्याप्रमाणे का चालतं? मी गप्प. आयुष्यात एकदाही हे चुकलो नव्हतो आणि एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं. घरी जाऊन शोधत बसलो, शिकणे, विसरणे, बोलणे अशी एक छोटी टोळीच निघाली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं ट्रक आला, बस आली, टेबल मोडलं, हे तिन्ही इंग्रजी शब्द, यांना लिंग कुणी वाटलं? पुन्हा गप्प.

तेव्हापासून मला हे पक्कं कळलंय की मातृभाषिक हा 'काय' चा जाणकार असतो, 'का' चा नसतो. त्याला 'का' विचारलं की तो बिचारा मदत करायची म्हणून काहीतरी कारण जुळवून देतो, आणि ते कारण बऱ्याचदा चुकीचं असतं. मी पण दिलीयत अशी कारणं, आणि नंतर त्या मुलांची माफी मागून दुरुस्त केलीयत. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो ते इथे सांगतो. 'हे बरोबर आहे का' असं विचारूच नका. भला माणूस हो म्हणतो, कारण त्याला अर्थ कळलेला असतो आणि तुमचं मन मोडायचं नसतं. त्याऐवजी प्रसंग सांगा. कोण कुणाला बोलतंय, आधी काय झालंय, घाई आहे का, ओळख किती आहे. आणि मग विचारा, तू इथे काय म्हणशील? किंवा दोन तीन पर्याय ठेवा आणि यातलं तुझ्या तोंडून कुठलं आलं असतं ते विचारा. एवढं केलं की जे उत्तर येतं ते सोन्यासारखं असतं. त्यानंतर 'का' साठी व्याकरणाचं पुस्तक किंवा शब्दकळांनी सांगितला तसा कोश.

विशेषणांचा क्रम घ्या. 'रेड बिग बॉक्स' म्हणून बघायला सांगा, लगेच म्हणतील नाही, बिग रेड बॉक्स. मत, आकार, वय, घडण, रंग, कुठलं, कशाचं अशी साधारण रांग आहे आणि ती शिकणाऱ्यांच्या पुस्तकात मिळते. ज्यांची भाषा आहे त्यांच्यातल्या बहुतेकांना अशी रांग आहे हे सांगितलं तर आश्चर्य वाटतं.

उलटसुलट:
कानामात्रा +१००. फक्त एक जोड, 'कुठला' मातृभाषिक तेही बघा. मी अमेरिकेत वाढलोय आणि पानगळ इंग्लंडमध्ये, आमची दोघांची उत्तरं बऱ्याच ठिकाणी जुळणार नाहीत. मी सरळ 'डिड यू ईट येट' म्हणतो, तिकडे 'हॅव यू ईटन येट' जास्त. मी 'ऑन द वीकेंड', ते 'ॲट द वीकेंड'. मी 'इन द हॉस्पिटल', ते 'इन हॉस्पिटल'.

इथवर ठीक आहे, कुणाचं काही बिघडत नाही. पण काही शब्द कामाच्या ठिकाणी खरंच घोळ करतात. 'क्वाइट गुड' मी म्हटलं तर चांगलंच आवडलंय, ब्रिटिश माणसाने म्हटलं तर बऱ्याचदा त्याचा अर्थ बरं आहे, ठीकठाक. आणि 'टेबल' हे क्रियापद तर उलटंच आहे, ब्रिटिश बैठकीत एखादा मुद्दा टेबल केला म्हणजे चर्चेला घेतला, आमच्याकडे टेबल केला म्हणजे बाजूला ठेवला. एकाच कॉलवर दोन्हीकडचे लोक असतील तर तो शब्द मी तोंडातच आणत नाही.

पानगळ:
क्वाइटचं अगदी खरं, माझ्या अमेरिकन मॅनेजरला मी सहा महिने असं वाटू दिलं की मला त्यांचं काम फार आवडतंय, आणि त्यांच्या 'क्वाइट गुड' ने मी इकडे खट्टू होत होते.

आता अर्धविराम, तुमचं 'प्लीज सेंड मी द फाइल'. हे मला नीट लिहायचंय कारण यात माणसं दुखावतात आणि दोघांनाही कळत नाही का ते.

मराठीत तुम्ही 'पाठवा' म्हणता तेव्हा त्या एका 'वा' मध्ये मान आलेला असतो. 'पाठव' वेगळं, 'पाठवा' वेगळं, 'पाठवाल का' अजून मऊ, 'पाठवा ना' मध्ये आपलेपणा. आपलं क्रियापदच हे सगळं उचलतं, म्हणून 'कृपया' आपण बोलताना जवळजवळ वापरतच नाही, ते पाट्यांवर आणि सूचनांमध्ये. इंग्रजीत एकेकाळी तू साठी दाउ होतं आणि यू हे अनेकवचन, मानाचं. मग सगळ्यांनाच यू म्हणायची पद्धत पडली आणि दाउ रोजच्या बोलण्यातून गेलं. म्हणजे मान दाखवायची ती जागाच भाषेतून गेली. तुम्ही मनात 'पाठवा' म्हणता आणि उतरवता 'सेंड', तिथे तुमचा 'वा' वाटेतच गळून पडतो, आणि त्यापुढे कितीही प्लीज लावलं तरी खाली आज्ञाच राहते. शिक्षक वर्गात म्हणतात ना, 'प्लीज सिट डाउन', तसं. काइंडली तर अजून वाईट, ते आता बऱ्याच जणांना चिडून दिलेल्या तंबीसारखं वाटतं.

म्हणून इंग्रजी माणूस मान दाखवायला दुसरी वाट काढतो, तो विनंतीचा प्रश्न करतो आणि क्रियापद भूतकाळाकडे सरकवतो. 'कॅन यू' पेक्षा 'कुड यू' मऊ. 'आय वाँट टू आस्क' पेक्षा 'आय वाँटेड टू आस्क' मऊ. 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड सेंड मी द फाइल.' मला लोक विचारतात की आत्ता विचारतोय तर वॉज कशाला? तर तुम्ही स्वतः या धाग्याची पहिली ओळ काय लिहिलीत ती वाचा.

अर्धविराम:
'बरेच दिवस विचारायचं होतं.' अगं बाई! खरंच की. विचारतेय आत्ता आणि लिहिलंय होतं.

पानगळ:
तेच. 'जरा काम होतं तुमच्याकडे', काम आत्ताच असतं. समोरच्याला नाही म्हणायला जागा राहावी म्हणून आपण बोलणं एक पाऊल मागे नेतो, आणि दोन्ही भाषांनी त्यासाठी भूतकाळच निवडलाय. मला हे ज्या दिवशी जाणवलं त्या दिवशी माझ्या दोन्ही भाषा पहिल्यांदा एका घरातल्या वाटल्या.

फक्त मोठं वाक्य म्हणजे जास्त मान असं करू नका. रोजच्या सहकाऱ्याला 'कुड यू सेंड मी द फाइल बाय टुमॉरो?' भरपूर झालं. वंडरिंग वगैरे जेव्हा खरंच जास्तीचं काही मागतोय तेव्हा.

उलटसुलट:
याच रांगेतलं एक, 'यू हॅड बेटर सेंड इट टुडे' कृपा करून लिहू नका. आपल्याला वाटतं बेटर आहे म्हणजे सौम्य सल्ला, ऐकणाऱ्याला ऐकू येतं 'आज पाठव, नाहीतर बघ'. आणि कुणी माहिती विचारली, मीटिंग आजच आहे का, तर 'ऑफ कोर्स' म्हणू नका, त्यात 'एवढंही माहीत नाही?' असा सूर येतो. मदत मागितली तर मात्र 'ऑफ कोर्स' छान, आनंदाने असं.

रातकिडा:
मी दहावीनंतर इंग्रजीला हात लावला नव्हता, आता नोकरीसाठी परत सुरू केलंय आणि अ, ॲन, द ने जीव नकोसा केलाय. मराठीत असलं काही नाहीच तर डोक्यात शिरणार कसं? कुणी सोप्पं करून सांगेल का?

कानामात्रा:
रातकिडा, नाहीच असं नका म्हणू, मराठीत ते आहे, फक्त दुसरीकडे बसलंय. 'मी डॉक्टर शोधतोय' आणि 'मी डॉक्टरांना शोधतोय', फरक सांगा बघू. पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात एक ठरलेले डॉक्टर आहेत, आपल्या दोघांना माहीत असलेले, ते सापडत नाहीयेत. पहिलं 'अ डॉक्टर', दुसरं 'द डॉक्टर'. तुम्हाला हा भेद जन्मापासून येतोय.

मग लिहिताना स्वतःला एवढंच विचारा की कुठला ते वाचणाऱ्याला कळतंय का. कळत असेल तर द. पहिल्यांदाच सांगताय आणि एकच आहे तर अ. 'आय सेंट यू अ फाइल यस्टरडे. द फाइल हॅज टू शीट्स.' सगळीकडे हे पुरणार नाही, नद्या, देश, आजार यांचे आपापले हट्ट आहेत, ते हळूहळू कानाने बसतात. पण रोजच्या मेलमधल्या बऱ्याचशा जागा एवढ्यावर सुटतील. अ आणि ॲन मात्र उच्चारावर, अक्षरावर नाही, म्हणून ॲन अवर पण अ युनिव्हर्सिटी, आणि ॲन एमबीए.

रातकिडा:
डॉक्टर आणि डॉक्टरांना... सर मी आत्ता चार वेळा मोठ्याने म्हणून बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला हे येईल असं वाटतंय. मनापासून आभार.

नवखा_पाहुणा:
'इजन्ट इट' चं कुणीतरी सांगा ना. मी सगळीकडे तेच लावतो.

पानगळ:
ते आपलं 'ना' आहे. 'ना' कुठल्याही वाक्याला चालतो, इंग्रजीत शेपटाला वाक्याच्या डोक्याशी जुळावं लागतं. 'यू आर कमिंग, आरन्ट यू', 'शी लाइक्स इट, डझन्ट शी'. नाही सुचलं तर सरळ शेवटी 'राइट' म्हणा, सगळे म्हणतात. बोलताना सूर खाली आणला तर फक्त होकार हवाय, वर नेला तर खरंच माहीत नाहीये.

अर्धविराम:
मंडळी, दहा दिवसांनी परत आलेय, सांगायचं होतं (बघा, परत होतं!). कानामात्रांनी सांगितलं तसं केलं. सहकाऱ्याला 'का' विचारणं बंद केलं. एक क्लायंट आहे, एकदाच भेटलोय, त्यांच्याकडून उशीर झालाय पण त्यात माझीही थोडी चूक आहे, असा प्रसंग लिहून दिला आणि चार वाक्यं ठेवली, तुझ्या तोंडून यातलं कुठलं येईल म्हणून. त्याने एका सेकंदात तिसऱ्यावर बोट ठेवलं, आणि मग स्वतःहून म्हणाला की पहिलं मी माझ्या भावाला म्हणेन, दुसरं मी चिडलो असेन तर, चौथं वकील लिहील. आधी महिनाभर जे मिळालं नव्हतं ते एका सेकंदात! आणि 'डाउट'ची गोष्ट त्याला शंका विचारणे, शंका घेणे अशी उलगडून सांगितली तर तो बराच वेळ शांत होता, मग म्हणाला की टीममधल्या अजून दोघांना त्याने तसंच कोरडं उत्तर दिलंय, त्यांच्याशी तो बोलणार आहे.

आता मी एक वही केलीय, प्रसंग डावीकडे, त्याने म्हटलेलं वाक्य उजवीकडे. बावीस झालीत.

शब्दकळा:
वही फार छान केलीत. ती बावीस वाक्यं कधीतरी इथे टाका, प्रसंगासकट. प्रसंगाशिवाय नको.

रातकिडा:
अजून एक विचारू? 'ही हॅज गॉन टू द ऑफिस' आणि 'ही हॅज बीन टू द ऑफिस', दोन्ही गेला असंच ना? काल मी हे लिहिलं आणि समोरच्याने विचारलं मग तो परत आला का नाही.

कानामात्रा:
गॉन म्हणजे 'गेलाय', अजून तिकडेच आहे. बीन म्हणजे 'जाऊन आलाय'.